नवव्या पानाची जोडी

१

वांगरवाडीच्या दूध संस्थेतल्या वहीचं नववं पान नाहीसं झालं ते सोमवारी सकाळी. इलियास गादीवाल्याला ते पान शेवटचं एकदा वाचायचं होतं, नेमकी तीच सकाळ.

"सिस्टर, आवं ऐका जरा," तो अंगणातूनच ओरडला. "शततारकेचं पान फाडून नेलंय कुणीतरी!"

संयोगिता निकम यांनी चहाचा कप खाली ठेवला. पलूस तालुक्यात बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी झाली, निवृत्त होऊनही दोन वर्षं लोटली, तरी लोक सुखानं चहा पिऊ देत नव्हते. त्यात बाईंचा स्वभाव तिखट. जन्मभर त्यांनी इतक्या नोंदवह्या भरल्या होत्या की वहीचं नाव काढलं तरी कपाळाला आठी पडायची. भरलेल्या वह्या वर जायच्या आणि वर त्या कुणी उघडायचं नाही. कोणत्या दवाखान्यात किती माणसं बरी झाली आणि किती गेली एवढं तरी लोकांना सांगा, असे त्यांनी जिल्ह्याला चार अर्ज केले होते. चारही वेळा उत्तर आलं की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे. तो अजून पुढेच चालला होता.

म्हणून सुभेदार हंबीररावांनी ही वही सुरू केली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. सुभेदार म्हणजे पलटणीच्या कचेरीत कारकुनी करून आलेला माणूस. आसपासच्या अकरा वाड्यांचं दूध या संस्थेत येतं. त्यातल्या कुणीही दवाखान्याची वारी केली की सुभेदार त्याची नोंद घ्यायचे. एका दवाखान्याच्या एका आजाराला एक पान, आणि पानाच्या तळाशी बेरीज: किती दाखल झाले, किती बरे झाले, किती दगावले. वही सुतळीनं टेबलाला बांधलेली. चार वर्षांत लोकांना अशी सवय लागली की वही बघितल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढेना.

इलियासच्या बायकोच्या, मेहरुनबीच्या, काळजाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशनला जागा दोन. एक सांगलीचं शततारका हॉस्पिटल, दुसरा साताऱ्यातला डॉक्टर हुद्दारांचा जुना दवाखाना. वहीत शततारकेचे अडतीस पेशंट होते आणि दगावलेले शून्य. हुद्दारांचे चाळीस, त्यातले सहा दगावले.

"आकडे तर तुला तोंडपाठ आहेत, मग पान हवंय कशाला?" संयोगिताबाई म्हणाल्या.

"पान चोरलंय म्हंजे त्यात कायतरी खोट आसणार न्हवं?" इलियास पायरीवर टेकत म्हणाला. "आज तीनला शततारकेची गाडी येतीया तिला न्यायला. तवर मला सांगा सिस्टर. तुमी म्हणाल तिकडं नेतो."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नऊला दहा कमी होते.

२

वही शाळेच्या लांब वहीसारखीच, मधोमध दोऱ्यानं शिवलेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सुभेदारांच्या ठसठशीत अक्षरात आकडा. आठव्या पानानंतर एकदम दहावं होतं. मधलं पान कापलेलं नव्हतं, शिवणीतून अख्खं निघून आलं होतं.

दहावं पान हुद्दारांचं. तळाशी तो सहाचा आकडा, जिथल्या तिथे.

"नवल हाय की न्हाई सिस्टर?" संस्थेचा सेक्रेटरी कृष्णात म्हणाला. "चांगलं पान गेलं आन् वाईट ऱ्हायलं."

बाईंनी पहिलं पान उघडलं. तिथे सरकारी थाटात लिहिलेलं होतं: 'प्रमाणित करण्यात येते की या वहीत एकूण ९६ पाने आहेत.' त्यातल्या ९६ वर एकच सरळ रेघ मारून वर नीट ९४ लिहिलेलं. सुभेदारसुद्धा मोजताना चुकतात म्हणायचे, असं मनात म्हणून त्या पुढे गेल्या. ती त्यांची त्या दिवसातली पहिली चूक.

"वही शेवटची धड कधी पाहिलीस?"

"काल सकाळी. दुपारी हितं शततारकेचं तपासणी शिबिर झालं. माणसं पडद्यापलीकडं रांगेत. वहीपाशी म्हणाल तर मी, शततारकेचा विश्वजीत आन् सुभेदार."

"पान तू काढलंस?"

कृष्णात भडकला. "मी काढलं आसतं तर त्या हुद्दाराचं काढून चुलीत घातलं आसतं! माजी आई त्येच्याकडंच गेली. सांगलीनं हलवली तवा चांगली बोलत हुती. साताऱ्यात दोन दिसांत संपली. हातगुणच न्हाई त्या डॉक्टरला."

"आधी सांगलीत होती? शततारकेत?"

"व्हय. ऑपरेशन तितंच झालं. पुढं साताऱ्याला न्या म्हणले."

"मग नोंद हुद्दारांच्या नावावर का?"

"सुभेदारांचा नियम हाय. जितं जीव गेला तितंच मरणाची नोंद. पलटणीत आसंच करत्यात म्हणं."

हातगुण! संयोगिताबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं आकडे डोळ्यांपुढे टांगूनही शेवटी सगळं हातगुणावर. त्यांनी सुतळी सोडून वही काखेत मारली आणि तावातावानं बाहेर पडल्या.

३

विश्वजीत पलूसच्या चौकात सापडला. पांढरा शर्ट, गळ्यात शततारकेचं ओळखपत्र, त्यावर 'जनसंपर्क अधिकारी'. मूळचा वांगरवाडीचाच. तालुक्यातल्या कुणाच्या छातीत कळ आली की सर्वांत आधी याला कळायचं.

"मी फाडीन व्हय सिस्टर?" तो हसला. "आवं, आमच्या सगळ्या जाहिराती एकीकडं आन् सुभेदारांचं ते पान एकीकडं. लोक दुसऱ्या कशावर विश्वासच ठेवत न्हाईत. हे बघा, दोनी बाजूंचा फोटो. दीडशे ग्रुपला टाकलाय."

त्यानं मोबाइल पुढे धरला. अडतीस नावं, प्रत्येकापुढे तारीख, आणि तारखेपुढे सुभेदारांच्या अक्षरात एकच शब्द: सुटी, म्हणजे दवाखान्यातून घरी सोडलं. तळाशी दगावलेल्यांच्या रकान्यात गुटगुटीत शून्य.

"काळजाच्या ऑपरेशनला अडतीसातला एकही नाही?"

"एकबी न्हाई. आन् वर माणुसकी बघा. कोण लयच खालावला तर आमी घरच्यांना सरळ सांगतो. माणसानं घरच्या ओसरीवर, आपल्या माणसांत डोळं मिटावं, आसंच वाटतंय न्हवं आपल्याकडं? सही घेतो आन् आमच्या गाडीनं घरी सोडतो. फुकट."

बाई तोवर फोटो आपल्या मोबाइलवर घेण्यात गुंतल्या होत्या आणि विश्वजीतचं बोलणं एका कानानं ऐकत होत्या. त्यांना एकच कोडं छळत होतं. दवाखान्याची बदनामी चोरणारा चोर कळतो. पण कौतुक चोरणारा कोण? कृष्णातला हुद्दारांचं पान नको होतं. विश्वजीतला हे पान जिवापाड हवं होतं. राहिले सुभेदार, आणि स्वतःच्या वहीचं पान ते कशाला फाडतील?

रिक्षात बसता बसता त्यांनी फोटोतलं शेवटचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. जयराज, सुभेदारांचा धाकटा भाऊ. पुढे तीन तारखेची सुटी.

जयराजच्या मातीला त्या स्वतः गेल्या होत्या. ती होती चार तारखेच्या सकाळी.

४

जयराजची बायको धोंडुबाई उघड्या बाजेवर बसून शेंगा निवडत होती. बाजेवर नुसती घोंगडी होती.

"गादी टाकून दिली वढ्याला," बाईंची नजर बघून तीच म्हणाली. "मेहरुननं नवी शिवलीया. एवढी दमतीया बिचारी, तरी म्हणली ऑपरेशनच्या आधी तुजी गादी पुरी करून जाते."

संयोगिताबाईंना कसं विचारावं कळेना. शेवटी त्यांनी सरळच विचारलं. "वहीत जयराजच्या नावापुढं सुटी असं लिहिलंय. बरा होऊन आला होता का तो?"

धोंडुबाईनं शेंगा बाजूला सारल्या. "बरा? आवं सिस्टर, नाकातोंडाला मास्क लावून आणला त्येनी. मला सांगितलं, बाई, आता घरी न्या, सही करा. मी केली. ह्या ओसरीवर ठेवला, मग मास्क काढून घेतला, गाडीचा हाय म्हणून. पाऊण तास बी न्हाई गेला. आन् सुटी म्हणं!"

तिला रडू फुटलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सुभेदारांनी नोंद कधी घेतली?"

"बाराव्याला. वही घिऊनच आलं हुतं थोरलं भावजी. पार मागं उलटली आन् तितं माजी सही घेतली. म्या म्हणलं, दुःखाचं मागं लिव्हत असत्याल."

"मागं? धोंडुबाई, नक्की मागं?"

"शेवटाकडं. वर आणिक बी सह्या हुत्या की बायकांच्या."

काखेतली वही संयोगिताबाईंनी तिथेच उघडली आणि मागून पानं उलटली. सगळी कोरी. धोंडुबाईची सही कुठेच नव्हती.

५

बारा वाजून गेले होते. बाई देवळाच्या कट्ट्यावर टेकल्या आणि स्वतःवरच चिडल्या. नोंदवह्यांत जन्म गेला आणि साधी गोष्ट सुचू नये?

शाळेत असताना मागचं पान फाडून होडी केली की दुसऱ्या दिवशी पुढचं गृहपाठाचं पान हातात यायचं आणि मास्तरांचा मार बसायचा. मधोमध शिवलेल्या वहीत पान एकटं नसतंच. एकच लांब कागद दुमडून त्याची दोन पानं होतात, एक पुढं, एक मागं. मागचं ओढलं की पुढचं सुटतं.

त्यांनी कोपऱ्यातले आकडे बघायला सुरुवात केली. पहिल्याची जोडी शहाण्णव. दुसऱ्याची पंच्याण्णव. असं मोजत मोजत नवव्याची जोडी आली अठ्ठ्याऐंशी. त्यांनी मागून पाहिलं. सत्त्याऐंशीनंतर एकोणनव्वद. मागच्या कोऱ्या पानांतून एक पान गेलंय हे कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

चोराला कौतुक नकोच होतं. त्याला हवं होतं ते मागचं पान, जिथे बायकांच्या सह्या होत्या. कौतुकाचं पान आपोआप हातात आलं.

आणि मग पहिल्या पानावरची ती रेघ आठवली. अख्खं गाव म्हणत होतं एक पान गेलं. चोराला मात्र ठाऊक होतं की दोन गेली आणि चौऱ्याण्णव उरली. ठाऊक असूनही तो गप्प बसू शकला नाही. पान पळवेल, पण प्रमाणपत्रावर खोटा आकडा राहू देणार नाही, असा माणूस अकरा वाड्यांत एकच. खाडाखोड न करता एकच सरळ रेघ मारून वर नवा आकडा लिहायची शिस्त त्याला पलटणीच्या कचेरीनं लावली होती. त्यानं नियम एवढाच मोडला होता की दुरुस्तीखाली सही केली नव्हती.

६

हंबीरराव पडवीत खुर्चीवर बसले होते. जेवणाचं ताट समोर तसंच झाकलेलं. बाईंनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पहिलं पान उघडून ९४ वर बोट ठेवलं.

सुभेदारांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग उठले, आतल्या ट्रंकेतून एक दुमडलेला लांब कागद आणून त्यांनी बाईंच्या हातात दिला.

"जाळला का नाहीत?"

"रेकॉर्ड जाळायचं नसतंय सिस्टर."

कागदाच्या एका अंगाला नववं पान, दुसऱ्या अंगाला अठ्ठ्याऐंशीवं. मागच्यावर वर लिहिलं होतं, 'घरी वारलेले'. सात नावं. सातही नावं पुढच्या पानावर होती, सुटी या शब्दासह. सुटी आणि मरण यांत कुठे काही तास, कुठे तीन दिवस. शेवटचं नाव जयराजचं.

"जितं पडला तितं नोंद, हा नियम मीच घातला," सुभेदार म्हणाले. "पलटणीत बरोबर हुता. तितं कोण मरायला टेकलेल्याला घरी पाठवत न्हवतं. हितं आपली माणसं ओसरीवर मरायला येत्यात, हे मला कळंना झालं. चार वर्षं मी दवाखान्याचं मरण घरांच्या नावावर मांडत ऱ्हायलो. आन् त्या शून्यावर भरवसा ठिवून जयराजला मीच सांगितलं, जा शततारकेत. त्येची नोंद करताना पयल्यांदा सगळं पान सलग वाचलं."

"आणि मग गावाला सांगायचं सोडून पान लपवलंत! आज तीन वाजता मेहरुनबी तिकडं चाललीय, ठाऊक आहे?"

"मागचं काढलं तवा पुढचं बी हातात आलं. म्हणलं बरं झालं. शून्यच दिसलं न्हाई तर कोण जाणार न्हाई."

"अहो, शून्य आता कागदावर कुठं आहे?" संयोगिताबाईंचा तोल सुटला. "ते लोकांच्या तोंडात बसलंय, दीडशे ग्रुपवर फिरतंय! पान गेल्यानं खरं तेवढं गेलं, खोटं जागच्या जागी राहिलं. आणि हुद्दारांचे सहा? त्यातले किती शततारकेनं हलवलेले?"

सुभेदारांनी मान खाली घातली. "चार. कृष्णातची आई धरून. शततारकेच्या पानावर चारीबी सुटी म्हणूनच हायेत."

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. शततारकेच्या अडतीसांत सात घरी गेले आणि चार साताऱ्यात, म्हणजे अकरा. हुद्दारांनी स्वतः केलेल्या छत्तीसांत दोन. ज्याच्या नावानं गाव बोटं मोडत होतं तो दुसऱ्यांचं निस्तरत होता.

"किती लोक म्हणतील, सुभेदारानं भावाला मारलं," हंबीरराव पुटपुटले.

"म्हणू देत. उठा. अडीच वाजलेत."

७

इलियासच्या गादी कारखान्यापुढे पांढरी गाडी येऊन उभी होती. विश्वजीत मेहरुनबीची पिशवी आत ठेवत होता. कापसाच्या ढिगाशेजारी मेहरुनबी धापा टाकत बसली होती, आणि तिच्या पुढ्यात धोंडुबाईची नवी गादी गुंडाळून ठेवलेली.

संयोगिताबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. विश्वजीत मध्ये बोलायला लागला तसं त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडीकडे मागे सरला. इलियासनं कागद उलटसुलट केला.

"पर सिस्टर," तो घुटमळत म्हणाला, "हुद्दारांचा हातगुण कसा हाय?"

बाईंना वाटलं, डोकं त्या कापसात आपटून घ्यावं.

"आना इकडं," मेहरुनबी म्हणाली.

तिनं कागद मांडीवर घेतला आणि मागच्या पानावरच्या नावांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. सातव्यावर बोट थांबलं.

"बराबर हाय. सात. सातबी गाद्या मीच शिवल्या."

"गाद्या?" संयोगिताबाईंना कळेना.

"माणूस दवाखान्यात मेला तर घरची गादी तशीच ऱ्हाती, सिस्टर. घरात मेला की टाकून देत्यात आन् नवी सांगाया येत्यात. माप घ्याला मीच जाती. बाया रडून सांगत्यात, कुठनं आणला, कसा आणला. सातबी शततारकेतनंच आणल्याले." दम लागला म्हणून ती थांबली. "साताऱ्यासनं आणल्याल्याची येकबी गादी मी शिवली न्हाई."

इलियास तिच्यासमोर खाली बसला. "मग बोलली का न्हाईस गं? म्हयनाभर मी वही बघतोय!"

"तुमी वहीला इचारलं. सुभेदारांना इचारलं, सिस्टरला इचारलं. मला कोन इचारलं?"

संयोगिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस वर्षं त्या आकडे वाचणारा कुणी भेटत नाही म्हणून तडफडत होत्या, आणि आकडे ज्या बाईच्या बोटांत होते तिला विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

मेहरुनबी उठली, गाडीपाशी गेली आणि आपली पिशवी तिनं स्वतः बाहेर काढली. "साताऱ्याची एष्टी कवा हाय?"

"एष्टी कशाला? मी कराडवरनं गाडी सांगतो," इलियास धावलाच.

शततारकेची गाडी काही रिकामी गेली नाही. पुढच्या वाडीत एक म्हातारा तिची वाट बघत बसलाच होता. संयोगिताबाईंनी त्याच्या घरी तीनदा फोन लावला. तिसऱ्या वेळी मुलानं उचलला आणि म्हणाला, "आमी वही बघितलीया सिस्टर, फोटो हाय माज्याकडं. शून्य हाय की," आणि ठेवून दिला.

त्या रागारागात वळल्या तर सुभेदार तिथेच गाद्यांच्या ढिगावर वही ठेवून बसले होते. तो लांब कागद त्यांनी मधोमध परत बसवला होता आणि इलियासच्या दाभणानं, गादीच्या दोऱ्यानं शिवला होता. पहिल्या पानावरच्या ९४ वर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि वर ९६ लिहिलं. मग नववं पान उघडलं. तळाच्या शून्यावर एक सरळ रेघ मारली, वर ११ लिहिलं, आणि शेजारी पहिलं नाव जयराजचं घातलं.

मग त्यांनी दोन्ही दुरुस्त्यांखाली आपली पूर्ण सही केली.

"त्या म्हाताऱ्याचं घर कंचं?" त्यांनी वही काखेत घेत विचारलं. "फोनवर ऐकत न्हाईत तर न्हाई. मी पायी जातो."